चौकट आणि अडगळ : परतभेटीच्या छायाचित्रांचा विचार

१

मराठीत प्रवासवर्णनाची जी चर्चा झाली आहे तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे. प्रवासी घरून निघतो, परक्या मुलखात जातो, तेथले पाहतो आणि परतल्यावर घरच्या माणसांसाठी ते लिहितो. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ मध्ये वरसई सोडली, उत्तर हिंदुस्थानातील बंडाची धामधूम पाहिली आणि पुष्कळ वर्षांनी, घरी बसून, ‘माझा प्रवास’ लिहिला. तो छापला गेला १९०७ मध्ये. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेहून परतल्यावर १८८९ मध्ये तेथील लोकस्थितीचे आणि आपल्या प्रवासाचे वृत्त प्रसिद्ध केले. दोन्ही लेखनांचे हेतू अगदी भिन्न, परंतु रचना एकच आहे : पाहण्याची जागा दूर, सांगण्याची जागा घर.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रचनेची दोन्ही टोके उलटलेला एक प्रवासी मराठी समाजात निर्माण झाला. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेला, तेथेच स्थिरावलेला आणि दोनतीन वर्षांनी काही आठवड्यांच्या रजेवर मायदेशी येणारा हा माणूस स्वतःच्याच देशात प्रवासी होतो. तो पाहतो ते घर, आणि सांगतो ते घरापासून दूर असलेल्यांना. त्यांत त्याची तिकडेच जन्मलेली मुलेही येतात. असा प्रवासी सहसा लिहीत नाही. तो छायाचित्रे काढतो.

या छायाचित्रांकडे वाङ्मयसमीक्षेने लक्ष दिले नाही, हे स्वाभाविक म्हणता येईल. ती खाजगी असतात, हौशी असतात आणि संख्येने अफाट असतात. परंतु संहितेची लक्षणे त्यांच्यातही आहेत. परतभेटीच्या संग्रहाला निवेदक असतो, अभिप्रेत वाचक असतो, निवड आणि क्रम असतो, आणि जे वगळले गेले त्याचे एक बोलके मौनही असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत देशीयतेच्या निमित्ताने जो प्रश्न वारंवार हाताळला तोच येथे अगदी साध्या रूपात समोर येतो. ज्याने घर सोडले त्याला घराचे चित्रण करण्याचा अधिकार उरतो काय, आणि उरत असेल तर कोणत्या अटींवर? देशीवादाचा ढोबळ अर्थ लावणारा वाचक या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे देऊन मोकळा होईल. स्मरणरंजनाला मूल्य मानणारा वाचक तितक्याच घाईने ‘हो’ म्हणेल. दोन्ही उत्तरांत प्रत्यक्ष छायाचित्र पाहण्याचे कष्ट टाळलेले आहेत.

२

परतणे आणि कॅमेरा यांचा मराठी मुलखातील संबंध जुना आहे, आणि त्याचा आरंभ उलट्या दिशेने झाला हे लक्षणीय आहे. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मुंबईला परतले. त्यांच्या स्वागताचा प्रसंग हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी चित्रित केला. भारतीय माणसाने टिपलेल्या पहिल्या वार्तापटांमध्ये त्याची गणना होते. सावेदादांचा मूळ व्यवसाय छायाचित्रणाचा होता. येथे कॅमेरा घराच्या हाती आहे. घर वाट पाहत उभे आहे, आणि परतणारा हा पाहण्याचा विषय आहे.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियातील शिक्षितांना उघडली आणि पुढच्या दोन दशकांत हे चित्र पालटले. आता कॅमेरा परतणाऱ्याच्या गळ्यात आला. घराने वाट पाहणे सोडले नाही. मात्र ते वाट पाहताना दिसू लागले. ओसरीवर रांगेने बसवलेली माणसे, हातात आरतीचे तबक घेतलेली काकू, विमानतळाबाहेर हार घेऊन ताटकळणारे आप्त ही सारी आता परतणाऱ्याच्या चौकटीत आली. परतताना रंगीत स्लाइडांची खोकी बरोबर गेली आणि तिकडल्या दिवाणखान्यांत, पडदा लावून, मित्रमंडळींना दाखवली गेली. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, तोवर अशा मराठी घरांची संख्या संस्था उभी राहण्याइतकी झाली होती. स्लाइडा पाहणारेही बहुतेक परतभेटीचेच प्रवासी असत. एकाची ओसरी पाहताना दुसऱ्याला आपली आठवे.

सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात पर्यटकाच्या छायाचित्रणाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. कामाची शिस्त अंगी मुरलेल्या समाजांतील माणसाला सुटीवर असताना जी अस्वस्थता येते ती कॅमेऱ्यामुळे शमते. काहीतरी केल्यासारखे वाटते. परतभेटीला हे अर्धेच लागू पडते. या प्रवाशाची अस्वस्थता रिकामपणाची नसते. घरी त्याला करण्यासारखे काही उरलेले नाही, ही ती अस्वस्थता आहे. विहीर कोणी उपसायची, बी कोणते घ्यायचे, आजीला कोणत्या डॉक्टरकडे न्यायचे, हे सारे त्याच्यावाचून ठरत आलेले असते. घरातील आपली गेलेली भूमिका भरून काढण्यासाठी तो छायाचित्रकाराची भूमिका घेतो.

३

या संग्रहांचा भूगोल तपासला तर एक विलक्षण गोष्ट दिसते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. वेरूळ आणि अजिंठा ही दोन्ही लेणी १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. परतभेटीचा मराठी प्रवासी मुलांना घेऊन येथे येतोच. त्याचा रूढ मार्ग शहरातून फुलंब्री, सिल्लोड असा अजिंठ्याकडे जातो. या मार्गाच्या पश्चिमेला, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या आश्रयाने, कन्नड तालुक्यात अंजना नदीकाठी पिशोर हे गाव आहे. त्याच तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, १९८६ मध्ये जाहीर झालेले गौताळा अभयारण्य आहे. कापूस, मका आणि आले पिकवणारा हा मुलूख आहे. पिशोर अजिंठ्याच्या वाटेवर लागत नाही, आणि वेरूळ पाहणाऱ्याला तेथे जाण्याचे कारण नाही. प्रवाशांच्या संग्रहांत ते आढळू नये यात नवल नाही.

पण पिशोरहूनच बाहेर पडलेला माणूस कल्पावा. शिक्षणासाठी तो शहरात गेला, तेथून पुण्याला आणि पुढे परदेशी. त्याच्यासाठी पिशोर हे प्रवासाचे गंतव्य आहे. तरीही त्याच्या संग्रहात कैलास लेण्याची छायाचित्रे बहुधा पिशोरच्या छायाचित्रांहून अधिक निघतील. याचे कारण त्याच्या ओढीत शोधून सापडणार नाही, ते सांगण्याच्या व्याकरणात आहे. कैलास लेण्याला तळटीप लागत नाही. जे जगाला ठाऊक आहे त्याचे चित्र दाखवताना ‘हे आमच्याकडचे’ एवढे दोन शब्द पुरतात. पिशोरच्या बाजारातील एका दुकानाची पायरी दाखवायची तर तिच्यावर कोण बसत असे, उधारीची वही कोठे टांगलेली असे, पाऊस लांबला की तेथे काय बोलले जाई, हे सारे सांगावे लागते. छायाचित्राला ते सांगता येत नाही, आणि स्लाइड दाखवणाऱ्याला तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून तो आपल्या गावाऐवजी आपल्या जिल्ह्याची कीर्ती टिपतो. वेरूळला तो मुलांचा वाटाड्या होतो. लहानपणी तेथे तो गेलाच असेल तर शाळेच्या सहलीतून. आता माहितीफलक वाचून तो मुलांना सांगतो आणि तेच आपले बालपण असल्याचा भास त्याला व मुलांना होतो.

या मुलखाच्या छायाचित्रणाचा आरंभ ज्याच्या नावाशी जोडला जातो तो रॉबर्ट गिल येथे ध्यानात घ्यावा. १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्याच्या कामी त्याची नेमणूक झाली. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला आणि त्याची त्रिमितीदर्शक छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने आली. तैलरंगात केलेल्या त्याच्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. गिल परका होता, पण राहिला. १८७९ मध्ये त्याला मरण आले तेही याच मुलखाच्या सीमेवर, भुसावळजवळ. अजिंठा गावात त्याने बांधलेली पारोची कबर आहे. ना. धों. महानोरांना त्यावर दीर्घकाव्य लिहावेसे वाटले, कारण ते पळसखेडचे, म्हणजे त्याच डोंगराखालचे होते. परका येऊन राहतो आणि लेणी टिपतो. येथला जाऊन परततो आणि तीच लेणी टिपतो. दोघांच्या चौकटी जवळजवळ सारख्या पडतात. ज्याच्यापाशी गावच्या पायरीचे ज्ञान आहे त्याने परक्याचीच चौकट उचलावी, ही परतभेटीच्या छायाचित्रणातील पहिली हानी होय.

४

दुसरी हानी घराच्या उंबऱ्यावर होते. परतलेला माणूस जुन्या वाड्याचे वा घराचे छायाचित्र घेऊ लागतो तेव्हा आधी काही वस्तू बाजूला करवतो. दारातली मोटारसायकल, प्लास्टिकची खुर्ची, पाण्याचा निळा पिंप, खताच्या रिकाम्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांचे भेंडोळे, भिंतीवरून लोंबणारी केबलची तार. भावाला वा पुतण्याला यात काही गैर वाटत नाही. तो हसून पिंप उचलतो. चौकट स्वच्छ होते. उरते ते दगडी जोते, कोनाडा आणि तुळस. पण त्या घराचे गेल्या वीस वर्षांचे आयुष्य बाजूला सरकवलेल्या वस्तूंतच होते. पिंप आहे कारण नळाला पाणी रोज येत नाही. नळ्या आहेत कारण कापसाबरोबर आले लावायचा निर्णय झाला. मोटारसायकल आहे कारण पुतण्या कामासाठी रोज बाहेरगावी जातो. छायाचित्रकाराने घर टिपले आणि घराचा इतिहास चौकटीबाहेर ठेवला.

या ठिकाणी मराठी कादंबरीने केलेल्या एका कामगिरीची तुलना उद्बोधक ठरेल. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीतील खंडेराव पुरातत्त्वज्ञ आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना वडील मृत्युशय्येवर असल्याचे कळून तो गावी निघतो. म्हणजे हीदेखील एक परतभेटच आहे, आणि परतणाऱ्याची नजर व्यवसायानेच नोंद करणाऱ्याची आहे. परंतु कादंबरीची रचना निवडून वगळण्याची नाही, साचवण्याची आहे. पुरातत्त्वज्ञाला खापराचा तुकडाही टाकता येत नाही. कोणत्या थरात तो सापडला यालाच अर्थ असतो. ‘अडगळ’ या शब्दाला शीर्षकात मिळालेले स्थान ही म्हणूनच एक वाङ्मयीन भूमिका ठरते. घरात जे वापरात नाही पण टाकवतही नाही, आणि जे वापरात आहे पण दाखवावेसे वाटत नाही, ते सारे अडगळ. परतभेटीचे छायाचित्र याच अडगळीशी वैर धरते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की छायाचित्राला चौकट अटळ आहे; कादंबरीचा विस्तार त्याच्याकडे मागणे अन्यायाचे होईल. आक्षेप खरा आहे, परंतु अपुरा आहे. चौकट अटळ असली तरी चौकट झाडणे अटळ नाही. छायाचित्राचे बळ असे की काढणाऱ्याने न योजिलेलेही त्यात उतरते. रोलाँ बार्त यांनी १९८० च्या आपल्या अखेरच्या पुस्तकात छायाचित्राचे सार ‘हे होते’ या साक्षीत पाहिले, आणि पाहणाऱ्याला टोचणारा तपशील बहुधा अभावितपणे आलेला असतो हे दाखवले. त्याच पुस्तकात ते आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राभोवती सारे विवेचन उभारतात, मात्र ते छायाचित्र छापत नाहीत. इतरांना ते केवळ एक सामान्य चित्र वाटेल, असे त्यांचे म्हणणे. पिशोरच्या पायरीची अडचण हीच आहे. घरच्या छायाचित्राचा अर्थ घराबाहेर नेता येत नाही. परतभेटीच्या प्रवाशाला तोच बाहेर न्यायचा असतो, म्हणून तो अर्थाऐवजी देखावा नेतो. पिंप हलवला जातो तो यासाठी.

५

ही कोंडी कोणालाच फोडता आली नाही असे नाही. मुंबईशी निगडित दोन उदाहरणे येथे विचारात घेण्याजोगी आहेत.

सूनी तारापोरवाला मुंबईच्या एका पारशी कुटुंबातील. हार्वर्डमध्ये शिकत असताना त्यांनी कॅमेरा घेतला आणि १९७७ पासून मुंबईला आल्या की आपल्या घरची माणसे, आजीआजोबा, नातेवाईक आणि त्यांच्यामार्फत सारा समाज त्या टिपू लागल्या. या कामातून ‘पारसीज’ हे पुस्तक सिद्ध झाले ते २००० मध्ये. मधल्या काळात त्या मुंबईत परतल्याही होत्या, ‘सलाम बॉम्बे!’ची (१९८८) पटकथा त्यांचीच. त्यांच्या छायाचित्रांत घर झाडलेले नाही. वृद्ध माणसे आपल्या खुर्च्यांत, आपल्या सामानासह, आपल्या वेळेनुसार बसलेली आहेत. छायाचित्रकर्तीसाठी ती सावरून बसलेली नाहीत, कारण छायाचित्रकर्ती नात आहे. दोन दशकांहून अधिक काळ एकाच घराकडे आणि एकाच समाजाकडे परतत राहिल्याने हा संग्रह पर्यटनाचा राहिला नाही, तो दप्तर झाला. २००१ च्या जनगणनेत भारतातील पारशांची संख्या ६९,६०१ होती. २०११ मध्ये ती ५७,२६४ झाली. ज्या समाजाची माणसे एका दशकात एवढी घटतात तेथे बैठकीच्या खोलीतील अडगळही पुरावा ठरते.

रघुबीर सिंग यांचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. १९४२ मध्ये जयपूरला जन्मलेले सिंग हाँगकाँग, पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क येथे राहिले. तेथून ते वर्षानुवर्षे भारतात येत आणि छायाचित्रे घेऊन जात. गंगा, कलकत्ता, राजस्थान, काश्मीर, केरळ, मुंबई, ग्रँड ट्रंक रोड असा त्यांच्या ग्रंथांचा विस्तार आहे. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय दृष्टी ही मुळात रंगाची दृष्टी आहे आणि कृष्णधवल छायाचित्रणातील परात्मता पाश्चात्त्य आहे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. हा सिद्धान्त फारसा टिकणारा नाही. ज्याचे वास्तव्य बाहेर आहे त्याने भीतरच्या दृष्टीचा दावा सर्वांच्या वतीने करावा, यात परतभेटीच्या प्रवाशाचीच अधीरता दिसते. परंतु सिंगांची छायाचित्रे त्यांच्या सिद्धान्ताहून प्रामाणिक आहेत. मुंबईवरील १९९४ च्या पुस्तकात काच, आरसे, दुकानांची दर्शनी तावदाने पुन्हा पुन्हा येतात. आत आणि बाहेर एकाच चौकटीत एकमेकांवर चढतात, आणि पाहणारा नेमका कोठे उभा आहे हे सहज ठरवता येत नाही. निधनानंतर २००२ मध्ये आलेल्या ‘अ वे इंटू इंडिया’ या पुस्तकात तर त्यांनी प्रवासाचे वाहनच चौकटीत घेतले. अँबॅसडर मोटारीची खिडकी, उघडे दार, समोरची काच आणि मागचा आरसा यांतून देश दिसतो. दिसणाऱ्या दृश्याला मोटारीची कड आहे. पाहणारा वाटेने जाणारा आहे, थांबणारा नाही, हे छायाचित्र लपवत नाही.

तारापोरवाला यांनी अंतर कमी केले. सिंग यांनी अंतर दाखवले. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक मार्ग तिसरा, म्हणजे अंतर पुसून टाकण्याचा. झाडलेल्या ओसरीचे छायाचित्र असे सुचवते की काढणारा कधी गेलाच नव्हता आणि घरही बदलले नव्हते. परतभेटीच्या छायाचित्राचा अधिकार रक्ताने मिळत नाही, तसा केवळ दूर राहण्याने जातही नाही. काढणारा कोठे उभा आहे हे चित्रात उतरले की तो मिळतो.

६

मराठी संस्कृतीला परतभेट नवी नाही. माहेरवाशीण ही आपली सर्वांत जुनी परतभेटीची प्रवासी आहे. घर तिचे असते आणि नसतेही. परतण्याचा दिवस येतानाच ठरलेला असतो. अंधारात माठ कोठे आहे हे तिला ठाऊक असते, पण माठ कोठे ठेवावा हे आता तिला कोणी विचारत नाही. या अनुभवाला बायकांनी जात्यावर रूप दिले. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांच्या पुढाकाराने जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखाहून अधिक आहे, आणि त्यांत माहेराचा, भावाचा, वाटेचा विषय किती ठिकाणी येतो हे पाहिले की ही परंपरा केवढी संपन्न आहे ते कळते. ओवी माहेराचे गुणगान करते हे खरे, पण ती गायली जाते सासरच्या जात्यावर, आणि हे अंतर ती कधी विसरत नाही. न्यायला भाऊ आला की नाही, वाट किती लांब, भावजय कशी बोलली, या तपशिलांतून गाणारीची जागा स्पष्ट राहते. सिंगांच्या मोटारीची खिडकी जे काम करते ते ओवीतील वाट करते.

या तुलनेला मर्यादा आहे. माहेरवाशीण सत्ताहीन होती. साडीचोळी घेऊन ती परते. परदेशस्थ प्रवासी पैसा, भेटवस्तू आणि कॅमेरा घेऊन येतो, आणि पिंप हलवायला सांगण्याचे धैर्य त्याला या बळातून मिळते. म्हणूनच माहेरवाशिणीवर नसलेली एक जबाबदारी त्याच्यावर पडते. घरातून त्याने प्रतिमा नेली, तिची प्रत घरी परत यायला हवी.

फिल्मच्या काळात हे काही प्रमाणात आपोआप घडत असे. रोल तिकडे धुतला जाई, पण त्यातल्या दोनचार छापील प्रती टपालाने गावी येत. त्या चौकटीत बसून भिंतीवर लागत, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी, कोणाच्या लग्नाच्या छायाचित्राखाली. तेथे त्यांना तळटीप लागत नसे. पाहणाऱ्याला पायरी ठाऊक होती, आणि काढणाऱ्याला ती कशी दिसली एवढेच त्याला नव्याने कळे. २०१० च्या अखेरीस कोडॅक्रोम धुण्याचे कामही थांबले, आणि त्याआधीच घरोघरी अंकीय कॅमेरे आले होते. आता छायाचित्र काढल्याक्षणी सर्वत्र जाते, गावातल्या पुतण्याच्या मोबाईलवरही. पण ते मिळणे आणि परत येणे यांत फरक आहे. मोबाईलवर आलेली शंभर चित्रे पाहून सरकवली जातात. भिंतीवरच्या एका चित्राशी घर वाद घालू शकते : हा पिंप कोठे गेला, असे एखादे लहान मूल विचारू शकते.

पिशोरसारख्या गावांची छायाचित्रे पर्यटकांकडून येणार नाहीत, कारण पर्यटकांची वाट तेथून जात नाही. ती येतील तर परतभेटीला येणाऱ्यांकडून, किंवा न गेलेल्यांकडून. न गेलेल्यांच्या हाती आता कॅमेरा आहेच. अंगणातला पिंप त्यांच्या चित्रांत हलवलेला नसतो, कारण उद्या पाणी भरायचे असते. परतणाऱ्याने तेवढे शिकून घेतले तरी त्याच्या संग्रहात वेरूळच्या बरोबरीने एका पायरीला जागा मिळेल.